पहिल्या रांगेतल्या मुली : प्रसिद्धीपूर्व बीटल्सच्या श्रोत्यांचा इतिहास

१/
लिव्हरपूल, फेब्रुवारी १९६३. मॅथ्यू स्ट्रीटवरील एका तळघरात निवेदक बॉब वूलर आनंदाची बातमी जाहीर करतो: बीटल्सची दुसरी रेकॉर्ड एका प्रमुख संगीत साप्ताहिकाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली आहे. टाळ्यांचा कडकडाट व्हायला हवा होता. वूलरच्या आठवणीप्रमाणे तळघरात शांतता पसरली. त्या शांततेचा अर्थ लावण्यासाठी हा धागा.

२/
बीटल्सवर इतके लिहिले गेले आहे की एखादे ग्रंथालय भरावे. हा धागा त्यांच्या श्रोत्यांविषयी आहे: जगाला ही चार नावे ठाऊक होण्यापूर्वी, १९६१ ते १९६३ या काळात, एकाच शहरातील एकाच तळघरात जे आठवड्यामागून आठवडे त्यांना ऐकत राहिले ते लोक. स्थानिक बँडचा निष्ठावंत चाहता म्हणजे नेमके कोण? इतिहासात त्याचे स्थान काय?

३/
प्रथम जागा पाहू. मॅथ्यू स्ट्रीट हा गोदामांचा अरुंद रस्ता. दहा क्रमांकाच्या इमारतीचे तळघर दुसऱ्या महायुद्धात हवाई हल्ल्यांपासून आसरा म्हणून वापरले गेले होते. पॅरिसमधील तळघरी जॅझ क्लबच्या धर्तीवर ॲलन सिट्नरने १६ जानेवारी १९५७ रोजी तेथे ‘कॅव्हर्न क्लब’ उघडला. अठरा पायऱ्या उतरल्या की तीन समांतर, कमानदार बोगदे. मधल्या बोगद्याच्या टोकाला लहानसा मंच आणि त्यासमोर लाकडी खुर्च्यांच्या रांगा.

४/
हवा खेळती नव्हती. श्वासाची वाफ विटांवर साचून खाली ठिबकत असे. छताच्या चुन्याचे पापुद्रे श्रोत्यांच्या केसांवर पडत. त्याला गमतीने ‘कॅव्हर्नचा कोंडा’ म्हणत. घाम, जंतुनाशक आणि शेजारच्या गोदामांतील फळे यांचा मिश्र वास कपड्यांत असा मुरे की मुलगी दुपारी कोठे जाऊन आली हे कचेरीत लपत नसे. मद्यविक्रीचा परवाना नव्हता; चहा, सूप, कोकाकोला आणि पाव यांवर सारे चाले.

५/
हा क्लब मुळात जॅझचा. रॉक अँड रोलला तेथे प्रतिष्ठा नव्हती. ऑगस्ट १९५७ मध्ये सोळा वर्षांचा जॉन लेनन आपला ‘क्वारीमेन’ हा चमू घेऊन तेथे आला आणि रॉकची गाणी गाऊ लागला, तेव्हा मालकाकडून मंचावर समज देणारी चिठ्ठी गेली, असे सांगतात. १९५९ मध्ये क्लब रे मॅकफॉलकडे आला आणि १९६० पासून ‘बीट’ संगीताला दार उघडले.

६/
मॅकफॉलने दुपारचे कार्यक्रम सुरू केले आणि आपल्या कथेचे खरे पात्र येथे प्रवेश करते. मॅथ्यू स्ट्रीट शहराच्या अगदी मध्यभागी आहे. जहाज कंपन्या, विमा कंपन्या, मोठी दुकाने हाकेच्या अंतरावर. दुपारी बारा ते दोन कार्यक्रम, सदस्यांना प्रवेशमूल्य एक शिलिंग, म्हणजे पौंडाचा विसावा भाग. टंकलेखिका, दुकानांतील विक्रेत्या, उमेदवारी करणारी मुले जेवणाच्या सुट्टीत येथे येत. रात्री घराबाहेर राहण्याची परवानगी नसलेल्या मुलींसाठी तर ही दुपारच मोकळी होती.

७/
ही मुलेमुली खिशात स्वतःचे पैसे घेऊन येत, हे महत्त्वाचे. १९५९ मध्ये मार्क एब्रम्स यांनी ‘किशोरवयीन ग्राहक’ या नव्या वर्गावर पुस्तिका लिहिली. त्यांच्या हिशेबानुसार युद्धपूर्व काळाच्या तुलनेत या वयोगटाची खरी कमाई सुमारे ५० टक्क्यांनी वाढली होती. शाळा पंधराव्या वर्षी सोडता येई आणि काम लगेच मिळे.

८/
दुसरे कारण लष्करी. ब्रिटनमधील सक्तीची लष्करी भरती १९६० च्या अखेरीस थांबली. लेनन आणि रिंगो स्टार यांचा जन्म १९४० चा. ते थोडक्यात सुटले. दहा वर्षे आधी जन्मलेल्या तरुणांचा बँड अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी बराकीत विखुरला असता. चाहत्यांच्या हाती मजुरी आणि वादकांच्या हाती मोकळा काळ, असा योग १९६१ मध्ये जुळून आला.

९/
१९६० च्या उत्तरार्धात बीटल्स हॅम्बुर्गच्या रात्रक्लबांत घासून निघाले. २७ डिसेंबर रोजी लिदरलँड टाऊन हॉलमध्ये ते वाजवू लागले, तेव्हा ‘थेट हॅम्बुर्गहून’ या जाहिरातीमुळे अनेकांना ते जर्मन वाटले. ९ फेब्रुवारी १९६१ च्या दुपारी ते ‘बीटल्स’ या नावाने प्रथमच कॅव्हर्नमध्ये वाजले. मानधन संपूर्ण बँडला मिळून पाच पौंड. त्यानंतरच्या अडीच वर्षांत त्याच मंचावर त्यांचे अडीचशेहून अधिक कार्यक्रम झाले.

१०/
हा आकडा श्रोत्याच्या बाजूने वाचून पाहा. एखादी मुलगी निम्म्या कार्यक्रमांना जरी आली, तरी तिने त्यांना सव्वाशे वेळा ऐकले! फ्रीडा केली ही अशीच एक टंकलेखिका. तिच्या सांगण्यानुसार तिने त्यांचे जवळपास दोनशे कार्यक्रम पाहिले. प्रिसिला व्हाइट नावाची आणखी एक टंकलेखिका तेथे कोट सांभाळण्याचे काम करी. पुढे ती सिला ब्लॅक या नावाने गायिका म्हणून प्रसिद्ध झाली. मंच आणि खुर्ची यांच्यातील अंतर एवढे कमी होते.

११/
या मुलींचे स्वतःचे शिष्टाचार होते. पहिल्या रांगेसाठी लवकर येऊन रांग लावायची. आधीचे बँड वाजत असताना केसांतील रोलर तसेच ठेवायचे. बीटल्स येण्याच्या बेतात प्रसाधनगृहात जाऊन ते सोडायचे. फर्माईश कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून मंचावर द्यायची. लेनन किंवा मॅकार्टनी ती वाचून दाखवत, थट्टा करत आणि मग गाणे सुरू होई. वादक श्रोत्यांना नावाने ओळखत.

१२/
‘बीटलमेनिया’ म्हटले की किंचाळणाऱ्या मुली डोळ्यांपुढे येतात. कॅव्हर्नमधील नेहमीच्या श्रोत्यांची रीत निराळी होती. तेथे ऐकले जाई. एकच लोकप्रिय गाणे चार बँड वाजवत असल्याने बीटल्स अमेरिकन रेकॉर्डच्या मागील बाजूची, कोणाला फारशी ठाऊक नसलेली गाणी हुडकून काढत. ती ओळखणारा, पुन्हा मागणारा आणि कंटाळला तर तसे दाखवणारा श्रोता समोर बसलेला होता. या बँडची गाण्यांची निवड घडवण्यात त्या चिठोऱ्यांचाही वाटा आहे.

१३/
६ जुलै १९६१ रोजी बिल हॅरीने ‘मर्सी बीट’ हे नियतकालिक सुरू केले. शहरातील शेकडो बँडची बित्तंबातमी त्यात येऊ लागली. वाचकांच्या कौलाचा निकाल जानेवारी १९६२ मध्ये लागला आणि बीटल्स पहिले आले. हॅरीने पुढे सांगितले की, प्रतिस्पर्धी रोरी स्टॉर्मसाठी एकाच हिरव्या शाईत आलेला मतपत्रिकांचा गठ्ठा त्याने बाद केला होता; बीटल्सनीही स्वतःला मते दिलीच होती. निष्ठा होती आणि निष्ठेची लबाडीही होती.

१४/
आता एक वादग्रस्त पुरावा. प्रचलित कथा अशी: २८ ऑक्टोबर १९६१ रोजी रेमंड जोन्स नावाचा तरुण ब्रायन एपस्टाईनच्या दुकानात आला आणि त्याने बीटल्सनी हॅम्बुर्गमध्ये साथ केलेली रेकॉर्ड मागितली. कुतूहल वाटून एपस्टाईन ९ नोव्हेंबरला कॅव्हर्नमध्ये उतरला आणि पुढे बँडचा व्यवस्थापक झाला. म्हणजे एका चाहत्याच्या चौकशीने इतिहास वळला!

१५/
येथे सावध राहायला हवे. ‘मर्सी बीट’ एपस्टाईनच्याच दुकानात विकले जाई आणि तो त्यात स्तंभही लिहीत होता. बीटल्सचे नाव त्याने त्याआधी वाचलेच नव्हते हे पटणे कठीण. त्याच्या एका सहकाऱ्याने तर जोन्स हे पात्र आपणच रचल्याचा दावा केला. पुढे खरा जोन्स पुढे आला. तपशील काहीही असो, एपस्टाईनने कथा सांगताना श्रेय अनोळखी चाहत्याला दिले. चाहत्यांचे महत्त्व तो जाणून होता.

१६/
एपस्टाईनने बँडला शिस्त लावली. ५ एप्रिल १९६२ रोजी कॅव्हर्नमध्ये चाहता मंडळाची खास रात्र झाली. पूर्वार्धात ते जुन्या चामडी पोशाखात आले, उत्तरार्धात नव्या सुटात. जे आपले होते ते आणि जे जगाचे होणार होते ते, अशी दोन्ही रूपे चाहत्यांनी एकाच संध्याकाळी पाहिली.

१७/
खरी कसोटी ऑगस्टमध्ये आली. १६ ऑगस्ट १९६२ रोजी ड्रमवादक पीट बेस्टला काढून टाकण्यात आले. त्याच्या जागी रिंगो स्टार. कारणांवर आजही वाद आहेत. लिव्हरपूलमध्ये पीट अतिशय लोकप्रिय होता. त्याची आई मोना बेस्ट हिने घराच्या तळघरात १९५९ मध्ये सुरू केलेला ‘कॅस्बा’ क्लब हे या बँडचे आरंभीचे घर होते. अनेक चाहत्यांसाठी पीटला काढणे म्हणजे घरच्या माणसाला दाराबाहेर करणे होते.

१८/
कॅव्हर्न उसळले. पीटच्या बाजूने आणि रिंगोच्या विरोधात घोषणा झाल्या. ‘मर्सी बीट’कडे सह्यांचे निषेधअर्ज गेले. धक्काबुक्कीत जॉर्ज हॅरिसनचा डोळा सुजला. सप्टेंबरमधील छायाचित्रांत ती खूण दिसते. एपस्टाईनला क्लबमध्ये संरक्षणाशिवाय जाणे अवघड झाले.

१९/
याला पोरवयाचा उन्माद म्हणून सोडून देणे सोपे आहे. इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी १९७१ मध्ये अठराव्या शतकातील इंग्लंडमधील धान्यदंगलींविषयी ‘नैतिक अर्थव्यवस्था’ ही संकल्पना मांडली. जमाव केवळ भुकेने पेटत नाही. न्याय्य काय आणि रूढीने आपला हक्क कोणता, याची त्याला स्पष्ट कल्पना असते, असे त्यांचे म्हणणे.

२०/
भाकरी आणि ड्रमवादक यांची बरोबरी होऊ शकत नाही, हे मान्य. तरीही मॅथ्यू स्ट्रीटवरील रोष त्याच दृष्टीने वाचता येतो. दीड वर्ष शिलिंग मोजून, जेवणाच्या सुट्ट्या देऊन या मुलामुलींनी बँड जोपासला होता. त्यांच्या समजुतीप्रमाणे बँडमध्ये कोण असावे हे त्यांना विचारायला हवे होते. कोणत्याही करारात हा हक्क लिहिलेला नव्हता, आणि म्हणूनच तो मोडणे सोपे गेले.

२१/
या असंतोषाचा ध्वनी-पुरावाही आहे. २२ ऑगस्ट १९६२ रोजी ग्रॅनडा टेलिव्हिजनने कॅव्हर्नमध्ये बीटल्सचे चित्रीकरण केले. गाणे संपताच गर्दीतून ‘आम्हाला पीट हवा’ अशा अर्थाची आरोळी ऐकू येते. अडीचशेहून अधिक कार्यक्रमांतून चित्र आणि ध्वनी मिळून उरलेल्या त्या काही मिनिटांत एका अनाम चाहत्याचा निषेध कायमचा नोंदला गेला.

२२/
पीट परतला नाही. काही आठवड्यांत रिंगोही आपला झाला. ५ ऑक्टोबरला पहिली रेकॉर्ड आली आणि राष्ट्रीय यादीत १७ व्या क्रमांकापर्यंत गेली. काही जुन्या चाहत्यांनी पुढे सांगितले की त्यांनी ती मुद्दाम विकत घेतली नाही. ती खपली तर बँड शहर सोडून जाईल ही भीती होती. ज्यांनी घेतली त्यांनाही तीच भीती होती.

२३/
आता पहिल्या पोस्टमधील शांतता समजते. फेब्रुवारी १९६३ च्या त्या रात्री श्रोत्यांना यशाचा अर्थ बँडहून आधी कळला होता. ३ ऑगस्ट १९६३ रोजी बीटल्स कॅव्हर्नमध्ये शेवटचे वाजले. पुढे त्यांना स्टेडियम मिळाली आणि ऐकणारे श्रोते गेले. आरोळ्यांत त्यांचे वादन त्यांनाच ऐकू येईना. २९ ऑगस्ट १९६६ च्या सॅन फ्रान्सिस्कोमधील कार्यक्रमानंतर त्यांनी दौरे कायमचे थांबवले.

२४/
काहींची निष्ठा मात्र श्रमात बदलली. फ्रीडा केली १७ व्या वर्षी एपस्टाईनच्या कचेरीत रुजू झाली आणि १९७२ पर्यंत चाहता मंडळाचे काम पाहत राहिली. आरंभी पत्त्याच्या जागी तिने स्वतःच्या घराचा पत्ता दिला. वडिलांच्या दारात पत्रांचे ढीग येऊन पडू लागले. कोणी बीटलचे केस मागितले तर ते खरेच असले पाहिजेत असा तिचा दंडक होता. दुसऱ्याचे केस पाठवणाऱ्या मदतनीस मुलींना तिने कामावरून काढले. आपण स्वतः पहिल्या रांगेत बसलो होतो, हे ती विसरली नव्हती.

२५/
१० जुलै १९६४ रोजी बीटल्स नागरी सत्कारासाठी लिव्हरपूलला आले, तेव्हा शहर आपल्यावर रुसले असेल अशी धास्ती त्यांना होती. रस्त्यांवर सुमारे दोन लाख लोक जमले. त्या दोन लाखांत कॅव्हर्नमध्ये एका वेळी मावणारे काही शेच असणार.

२६/
२८ फेब्रुवारी १९६६ ला क्लब कर्जापायी बंद झाला, तेव्हा चाहत्यांनी आतून अडथळे उभारून स्वतःला कोंडून घेतले. त्याच वर्षी तो पुन्हा उघडला. पण १९७३ मध्ये भुयारी रेल्वेच्या हवेच्या झरोक्यासाठी इमारत पाडून तळघर बुजवले गेले. तो झरोका तेथे कधी बांधलाच नाही. आजचा कॅव्हर्न १९८४ चा आहे. त्यात जुन्या विटा वापरल्या आहेत.

२७/
इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी यात एक धडा आहे. बीटल्सच्या त्या दिवसांविषयी जे कळते, त्यातील मोठा भाग या श्रोत्यांनी जपला: तिकिटे, सदस्यत्वाची कार्डे, छायाचित्रे, रोजनिश्या आणि कोणते गाणे कधी वाजले याच्या आठवणी. ‘वेडे चाहते’ म्हणून ज्यांची हेटाळणी झाली, तेच या पर्वाचे पहिले दफ्तरदार.

२८/
तुमच्या गावातील, महाविद्यालयातील एखाद्या छोट्या बँडच्या पहिल्या रांगेत तुम्ही बसत असाल, तर तारीख घालून नोंद ठेवा. कोण वाजवत होते, काय वाजवले, किती जण आले, प्रवेशाला किती पैसे पडले. बहुतेक बँड प्रसिद्ध होणार नाहीत. त्यांचा इतिहास लिहिण्यासाठी तुमच्या वहीशिवाय दुसरे काहीच उरणार नाही.

(धागा समाप्त)