कपाशीचं पान काय सांगतं?

२००१ साली गुजरातेत बोंडअळीने कपाशीची धूळधाण केली. काही शेतं मात्र तगली. संशय आला, नमुने तपासले गेले. त्या वाणात मातीतल्या एका जीवाणूचं 'क्राय१एसी' हे जनुक सापडलं! बीटी कपाशीला भारतात परवानगी मिळाली ती मार्च २००२ मध्ये. म्हणजे पीक परवानगीच्या आधीच शेतात पोचलं होतं.

पुढे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने चाचणीपट्टी तयार केली. पान द्रावणात चुरडायचं, पट्टी बुडवायची. बीटी प्रथिन असेल, तर पट्टीवरची प्रतिपिंडं त्याला पकडतात आणि दुसरी रेघ उमटते. बनावट बियाणं ओळखायला शेतकऱ्याला याचा आधार झाला.

पण पट्टी ठरावीक प्रथिनच ओळखते. मग रेघ उमटली नाही, म्हणजे जनुकबदल नाहीच, असं म्हणता येईल का? वर्गात विचारून पाहा.