ग्लॉस्टरशरमधले नंदी

घारापुरीला मी पहिल्यांदा गेलो ते शाळेच्या सहलीत. खरं सांगायचं तर लेण्यांपेक्षा माकडंच जास्त आठवतात. खांब मात्र डोक्यात राहिले: खाली चौकोनी, वर गोल, आणि माथ्यावर दाबलेल्या उशीसारखा गोळा. म्हणून इंग्लंडमधल्या सीझिनकोट या घराच्या बागेतला पूल फोटोत पाहिला तेव्हा थबकलो. पुलाखाली घारापुरीवरून घेतलेले जाडजूड खांब, कठड्यावर नंदी!

हे दगडी घर १८०५ च्या सुमाराचं. मालक चार्ल्स कॉकरेल, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला श्रीमंत होऊन परतलेला. अशांना तिकडे ‘नबाब’ म्हणत, त्यात कौतुक कमी आणि कुचेष्टा जास्त. बाकीचे नबाब ग्रीक वळणाची सभ्य घरं बांधून पैसा कुठून आला ते झाकत. याने थेट माथ्यावर तांब्याचा कांदेघुमट चढवला, कोपऱ्यांवर छत्र्या उभारल्या, खिडक्यांना मोरपिसाऱ्यासारख्या कमानी दिल्या.

आराखडा त्याच्या वास्तुरचनाकार भावाचा, सॅम्युअल पीप्स कॉकरेलचा. त्याने हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. मदतीला होता चित्रकार थॉमस डॅनियल. पुतण्या विल्यमसोबत १७८६ ते १७९३ हिंदुस्थानभर फिरून त्याने देवळं, मशिदी, लेणी रेखाटली होती. बागेतला पूल त्याच्याच कल्पनेतला.

मला खरी गंमत वाटते छज्ज्याची. आपल्याकडे छज्जा भिंतीवर सावली धरतो, पागोळ्या लांब पाडतो. तिथे लोक उन्हासाठी खिडकीशी बसतात, आणि या गृहस्थाने भिंतीभर सावली बांधून घेतली.

आत शिरलं की हिंदुस्थान संपतो. जिना, दिवाणखाना, सगळं युरोपीय अभिजात शैलीतलं. म्हणजे आपण फक्त बाहेरचा अंगरखा. १८०३ मध्ये असईला कंपनीच्या फौजेने शिंदे-भोसल्यांना हरवलं, त्यानंतर दोनेक वर्षांत हे काम निघालं. हे कळल्यावर त्या नंदींकडे नुसतं कौतुकाने बघवत नाही. राग येतो म्हणावं, तर पूल देखणा आहे.

१८०७ मध्ये पुढे चौथा जॉर्ज झालेला युवराज घर पाहून गेला. नंतर ब्रायटनच्या त्याच्या राजवाड्यावरही घुमट आले.

घारापुरीचे खांब कुणी उभे केलेले नाहीत; डोंगर कोरून काढल्यावर जे उरलं ते खांब. सीझिनकोटचे मात्र दगड आणून रचलेले, आणि त्यांच्यावरून घराकडे जायचा रस्ता जातो.