नोकर कोणास म्हणावें?

दुसऱ्याच्या पदरीं काम करणाऱ्या माणसाला आपल्या भाषेंत नांवांची वाण नाहीं. गुमास्ता, कारकून, गडी, रोजंदार, उक्तें काम घेणारा. प्रत्येक शब्दाबरोबर त्या माणसाचा मान, त्याचा मेहनताना आणि त्याला निरोप देण्याची रीत हीं ठरलेलींच असत. लहान दुकानदाराला त्यासाठीं करारपत्र लिहावें लागत नसे. परंतु तंटा उभा राहिला कीं हे सर्व शब्द अपुरे पडत आणि एकच प्रश्न शिल्लक राही: हा माणूस नोकर, कीं स्वतःच्या धंद्याचा धनी?

गिरणींत हा प्रश्न सहसा उद्भवत नसे. भोंगा वाजल्यावर जो आंत गेला तो कामगार. आपल्याकडील १८८१ चा पहिला कारखाने-कायदा यंत्रशक्ति वापरणाऱ्या आणि निदान १०० माणसें असलेल्या कारखान्यांपुरताच होता. १८९१ सालीं हा आंकडा ५० वर आणि १९२२ सालीं २० वर आला. १९४८ च्या कायद्यानें यंत्रशक्ति असल्यास १० व नसल्यास २० अशी मर्यादा घातली. याप्रमाणें कायदा एकेक पायरी उतरत लहान धंद्याच्या दाराशीं आला. आणि तेथें त्याला भोंगाच आढळला नाहीं.

विडीचा धंदा हें त्याचें उत्तम उदाहरण. तेंदूचें पान, तंबाखू, दोरा आणि मांडीवर सूप घेऊन बसलेलें माणूस, एवढ्यावर हा कारखाना चालतो. मजुरी हजारामागें. सागर येथील एका प्रकरणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयानें १९५८ सालीं दिला. तेथें सट्टेदार नांवाचे मध्यस्थ कारखान्यांतून तंबाखू नेत, विड्या आपल्या जागेंत किंवा इतरांकडून वळवून घेत व ठरल्या दरानें आणून देत. ते स्वतंत्र कंत्राटदार ठरले, आणि त्यांचीं माणसें कारखान्याचीं नव्हेत असें झालें. हें एक वेळ समजण्यासारखें आहे. पुढें नागपूरच्या प्रकरणांत कारखान्यांत येऊनच विड्या वळणारांचा प्रश्न आला. ते मर्जीप्रमाणें येत-जात. पण दुपारनंतर येणाराला काम मिळत नसे, आणि वाईट विडी परत केली जाई. न्यायालयानें त्यांस कामगार मानलें.

त्यानंतर लवकरच, १९६१ सालीं, आपल्या सिन्नरचें प्रकरण आलें. वाद होता भरपगारी रजेचा, म्हणजे अगदीं थोड्या दिवसांच्या मजुरीचा. कारखान्यांत बसून विड्या वळणाऱ्या एका इसमावर वेळेचें बंधन नव्हतें. दहा दिवसांपर्यंत तो न कळवितां गैरहजर राहूं शके. त्याहून अधिक राहावयाचें असल्यास कळवावें लागे, तेंही परवानगीसाठीं नव्हे, तर काम सोडलेलें नाहीं एवढें धन्याला समजावें म्हणून. दिवस संपतां विड्या मोजून घेत आणि वाईट त्या बाजूला काढीत. बहुमताचा निर्णय असा झाला कीं हा कायद्याच्या अर्थानें कामगार नव्हे. ज्याला वाटेल तेव्हां घरीं राहतां येतें त्याला रजा ती कशाची द्यावयाची? न्यायमूर्ति सुब्बा राव यांनीं मात्र विरुद्ध मत नोंदविलें.

बहुमताचा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. पण ज्या दिवशीं विडी वळली नाहीं त्या दिवशीं मजुरी नाहीं, ही गोष्ट त्या स्वातंत्र्याच्या हिशेबांत कोठें मांडावयाची? उपाशी राहण्याची मोकळीक ही धनीपणाची खूण मानली गेली, असें मला तरी वाटतें.

या गोंधळाचें मूळ इंग्रजी कायद्यांत आहे. काम काय करावें एवढेंच नव्हे, तर तें कसें करावें हेंही ज्याला मालक सांगूं शकतो तो नोकर, अशी कसोटी इंग्लंडांतील न्यायाधीशांनीं १८८० सालीं सांगितली होती. घरगड्याला ती चपखल बसते. परंतु लहानपणापासून विडी वळीत आलेल्या बाईला कोणता मालक हात कसा फिरवावा हें शिकविणार? आम्हां प्राध्यापकांनाही वर्गांत कसें बोलावें हें कोणी सांगत नाहीं. तेवढ्यावरून आमची रजा मात्र कोणीं कापल्याचें ऐकिवांत नाहीं.

विडीकामगारांपुरता तोडगा संसदेनें काढला. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यानें, मालकाकडून वा कंत्राटदाराकडून कच्चा माल नेऊन घरीं विड्या वळणारांसही कामगारांत गणलें. इतर धंद्यांसाठीं वाट मोकळी झाली ती एका शिंप्याच्या दुकानामुळें. आंध्र प्रदेशांतील सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या प्रकरणाचा निकाल १९७३ सालीं लागला. तेथील कारागीर नगावर पैसे घेत, येण्याचें बंधन त्यांना नव्हतें, कधीं कापड घरीं नेत, दुसऱ्याचेंही काम करण्यास मोकळे असत. सिन्नरच्या मापानें पाहिल्यास ते पुरते स्वतंत्र. पण शिवण्याचीं यंत्रें दुकानाचीं होतीं, आणि शिलाई सांगितल्याप्रमाणें नसली तर कपडा उसवून पुन्हां शिवून मागण्याचा अधिकार दुकानदाराचा होता. न्यायालयानें त्यांस नोकर ठरविलें; हुकमाची कसोटी ही एकमेव कसोटी नव्हे, असेंही स्पष्ट केलें. वाईट माल नाकारणारा हात सिन्नरलाही होताच. बारा वर्षांनीं त्याच हाताला वजन आलें.

मुंबई राज्याच्या १९४८ च्या दुकाने-कायद्याला व्यापारी लोक गुमास्ता कायदा म्हणूनच ओळखीत. महाराष्ट्रानें २०१७ सालीं त्याच्या जागीं नवा कायदा केला आणि त्याचीं बहुतेक कलमें १० किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांनाच लावलीं. त्या वेळीं त्याहून लहान दुकानानें धंदा सुरू केल्याची नुसती सूचना दिली कीं पुरे होई. म्हणजे नऊ शिंपी दुकानांत बसणारे आणि दहावा कापड घरीं नेऊन शिवणारा असला, तर त्या दहाव्याला नोकरांत मोजावयाचें कीं नाहीं, यावर तेव्हां उरलेल्या नवांच्याही रजेचा हिशेब अवलंबून असे.