आधी शिवारात, मग ताटात

जालन्याचा मस्तगड निजाम आसफजाहाच्या हुकमावरून काबिलखानाने १७२५ मध्ये बांधला. पुढे त्याच गढीत नगरपालिकेची कचेरी थाटली गेली. बाहेरून आलेले या मातीत टिकले की असे कामाला जुंपले जाते. मॅकडोनाल्ड्सची महाराष्ट्रातली वाटचाल पाहताना ही गढी आठवते.

१९४० साली कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोत रिचर्ड आणि मॉरिस या मॅकडोनाल्ड बंधूंनी खानावळ काढली. १९४८ मध्ये त्यांनी पदार्थ मोजकेच ठेवले आणि स्वयंपाकघराची कारखान्यासारखी मांडणी केली. त्या पद्धतीचे मोल रे क्रॉक या विक्रेत्याने ओळखले. १९५५ मध्ये त्याने आपली पहिली शाखा उघडली आणि १९६१ मध्ये २७ लाख डॉलर मोजून भावांचा व्यवसाय विकत घेतला.

भारतातले पहिले दुकान १३ ऑक्टोबर १९९६ रोजी दिल्लीच्या वसंत विहारमध्ये उघडले. त्याच महिन्यात वांद्र्याच्या लिंकिंग रोडवर मुंबईतले पहिले दुकान सुरू झाले. पश्चिम भारतातले भागीदार अमित जटिया शाकाहारी घरातले. गोमांस आणि डुकराचे मांस वर्ज्य झाले, मेयोनीज बिनअंड्याचे आले, शाकाहारी-मांसाहारी स्वयंपाकाच्या जागा वेगळ्या झाल्या. मूळच्या बिग मॅकऐवजी मटणाचा 'महाराजा मॅक' आला.

पण कंपनी ताटात येण्याआधी शिवारात आली होती. चीज बारामतीच्या डायनॅमिक्स डेअरीतून, टिक्क्या तळोज्याच्या व्हिस्टा कंपनीतून, आइसबर्ग लेट्यूसचे गड्डे तळेगावच्या त्रिकाया फार्मवरून, अशी साखळी तिने जुळवली. पानाचा आकार, पावाची जाडी, गाडीतले तापमान, सगळे आधीच ठरलेले. 'चालतंय की' म्हणायला वाव नव्हता.

मे २००१ मध्ये अमेरिकेतल्या फ्राइजमध्ये गोमांसाचा अर्क असल्याचे उघड झाले आणि ठाण्यातल्या शाखेची तोडफोड झाली. इथल्या फ्राइजच्या तपासणीत तसे काही आढळले नाही. पुढे २००४ मध्ये वीस रुपयांचे पदार्थ आले. मग कॉलेजची पोरे खिसा चाचपून का होईना, आत शिरू लागली. मुलांचे वाढदिवस तिथे होऊ लागले. ट्रे स्वतः उचलून आणायची सवयही लागली.

खरा परिणाम मात्र दिसला तो वडापाववर. १९६६ मध्ये अशोक वैद्यांनी दादर स्टेशनबाहेर विकायला सुरुवात केलेला हा गाडीवरचा खाऊ. २००१ मध्ये मालाडला धीरज गुप्तांनी जम्बोकिंग हे वडापावचे दुकान काढले, २००४ मध्ये कल्याणला तसेच गोली आले. वडा मोजून-मापून एकाच आकाराचा, पाव कागदात गुंडाळलेला, दुकानाचा रंग ठरलेला. चव आपली, शिस्त परक्याची. तरी गाडीवरची कढई विझली नाही. तळलेल्या मिरचीसाठी लोक अजून तिथेच थांबतात.

जालनेकराला ही शिस्त फारशी नवखी वाटू नये. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली, तेव्हापासून इथला शेतकरी बीजोत्पादनाचे प्लॉट घेतो, भेसळीची झाडे उपटतो आणि सॅम्पल पास होईतो जीव मुठीत धरून बसतो. तळेगावच्या लेट्यूसवाल्याची धाकधूक त्याला कोणी समजावून सांगायला नको.