नुसतं बघितलं, घेतलं कुठे?

परवा डबा खाताना टीममधला एक मित्र म्हणाला, "अरे, पिक्चर डाउनलोड कुठे केला? नुसता ऑनलाइन बघितला. त्यात काय बेकायदेशीर?" इंजिनिअर असून हा प्रश्न! :-) पण प्रश्न जुना आहे, कोर्टात जाऊन आलेला आहे.

एप्रिल १९९५ मध्ये प्रोग्रेसिव्ह नेटवर्क्सने (नंतरची रिअलनेटवर्क्स) रिअलऑडिओ आणलं. त्याआधी आख्खी फाईल उतरेपर्यंत वाट बघत बसायचं, तेही डायल-अपवर. आता थोडा डेटा बफरमध्ये आला की आवाज सुरू. म्हणजे बाइट्स दोन्हीकडे आपल्याच मशीनवर येतात. स्ट्रीममध्ये ते वाजवून टाकून द्यायचे, एवढाच फरक.

पण टाकून द्यायचे की ठेवायचे, हे कोण ठरवणार? रिअलने सर्व्हर आणि प्लेअरमध्ये एक गुप्त हँडशेक ठेवला, आणि फाईलमध्ये 'कॉपी स्विच'. मालकाने परवानगी दिली असेल तरच कॉपी. मग 'स्ट्रीमबॉक्स व्हीसीआर' आला. हा सर्व्हरला सांगायचा, मी रिअलप्लेअरच आहे! आत शिरला की स्विचकडे काणाडोळा करून फाईल सेव्ह.

डिसेंबर १९९९ मध्ये प्रकरण सिएटलच्या कोर्टात गेलं. स्ट्रीमबॉक्सने १९८४ चा बीटामॅक्स खटला पुढे केला: टीव्हीवरचा कार्यक्रम नंतर बघायला टेप केलेला चालतो, मग हे का नाही? कोर्टाला ते पटलं नाही. १९९८ च्या डीएमसीए कायद्याप्रमाणे कुलूप चुकवणारं साधन विकणंच बेकायदा. जानेवारी २००० मध्ये व्हीसीआरवर मनाई आली. गंमत म्हणजे, त्याच कंपनीच्या 'रिपर'वर आली नाही. तो हातात असलेल्या फाईलचं फक्त एमपीथ्री वगैरे करायचा, कुलूप तोडत नव्हता.

आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

असो. मित्राला विचारलं, पिक्चर बघितलास कशावर? तर म्हणे, साइटने आधी 'हा प्लेअर टाका' म्हणून एक एपीके टाकायला लावली. एसएमएस वाचायची परवानगीही मागितली, याने दिली!

म्हणजे ओटीपी त्यांच्या हातात. रिअलचा सर्व्हरसुद्धा समोर कोण आहे ते विचारून मगच फाईल द्यायचा. याने तेवढंही विचारलं नाही. डबा तसाच ठेवून आधी नेट बंद केलं, ॲप काढलं, मग माझ्या फोनवरून त्याच्या बँकेला कॉल लावला.