कृषी जैवविविधता

कृषी जैवविविधता म्हणजे शेती व अन्ननिर्मिती यांच्याशी संबंधित सजीवांमधील विविधता होय. पिके, पाळीव जनावरे, पिकांच्या रानटी जाती, परागीभवन करणारे कीटक, तसेच मातीतील गांडुळे, बुरशी व जीवाणू यांचा तीत समावेश होतो. एकाच पिकाच्या निरनिराळ्या वाणांमधील आनुवंशिक भेद हाही या विविधतेचाच भाग असून रोगराईच्या काळात बहुधा तोच निर्णायक ठरतो.

एकसारखेपणाचा धोका

बटाट्याची लागवड कंदापासून होत असल्याने एका वाणाची सर्व झाडे आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ सारखीच असतात. आयर्लंडमधील गरीब जनता प्रामुख्याने 'लंपर' या एकाच वाणावर अवलंबून होती. १८४५ मध्ये करपा रोग आला आणि पुढील काही वर्षांच्या दुष्काळात सुमारे दहा लाख लोक मृत्युमुखी पडले. या जीवितहानीस तत्कालीन ब्रिटिश धोरणही कारणीभूत होते. तथापि पीक नष्ट होण्यामागे वाणाचा एकसारखेपणा हे मोठे कारण होते. १९७० मध्ये अमेरिकेतील संकरित मक्यावरही असेच संकट ओढवले. बहुतेक बियाण्यांत एकाच प्रकारचे कोशिकाद्रव्य वापरलेले असल्याने पानांवरील करपा देशभर फैलावला.

रानटी जातींचे महत्त्व

१९७० च्या दशकात आशियातील भाताला 'ग्रासी स्टंट' या विषाणुजन्य रोगाने ग्रासले. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हजारो नमुने तपासले. उपयुक्त रोगप्रतिकारक गुण आढळला तो उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या 'ओरायझा निवारा' या रानटी भातात. एरवी तण म्हणून उपटल्या जाणाऱ्या या वनस्पतीचा गुण पुढे 'आयआर ३६' सारख्या वाणांत उतरविण्यात आला.

संवर्धन

नवी दिल्ली येथील राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या जनुकपेढीत बियाणे अतिशीत तापमानात साठविले जाते. मात्र शीतकक्षातील बियाण्याची बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याची प्रक्रिया थांबलेली असते. ती शेतात दरवर्षी होणाऱ्या पेरणीतच चालू राहते. म्हणून शेतकऱ्यांनी केलेले जतनही तितकेच आवश्यक आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी भात, वाल, भाजीपाला इत्यादींचे गावरान वाण जमवून बीजबँक उभारली. त्यांना २०२० चा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला.

२००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानुसार शेतकऱ्यास स्वतःच्या शेतातील बियाणे राखून ठेवण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा व विकण्याचा हक्क आहे. संरक्षित वाणाचे बियाणे त्याच्या नाममुद्रेखाली विकण्यास मात्र मनाई आहे.