खोली कोणासाठी घ्यायची?

ट्रायथलॉनला सहकुटुंब निघालेल्या माणसाला सल्ला मिळतो तो ठरलेला: स्टार्टलाइनच्या जितकं जवळ मिळेल तितकं जवळ राहा. जमलं तर आयोजकांनी ठरवलेलं हॉटेलच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी हरकत नाही. कोच हेच सांगतो, सायकलच्या ग्रुपमधले हेच सांगतात, आणि मागच्या वर्षी मेडल घेऊन आलेला ऑफिसातला सहकारी तर न विचारता सांगतो. सल्ला खोटा नाही. तो एकट्यानं रेसला जाणाऱ्याचा आहे, आणि बायको, सात वर्षांची मुलगी आणि सासूबाई बरोबर असलेल्या माणसाला तो जसाच्या तसा लावला जातो, हे माझं दुखणं आहे.

उदाहरणाला गोव्याची अर्ध-आयर्नमॅन घेऊ, कारण मुंबई, पुणे, कोल्हापूरहून गाडीच्या टपावर सायकल बांधून जाता येईल अशी ती रेस आहे. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर ती 2019च्या ऑक्टोबरात पहिल्यांदा झाली. मधली दोन वर्षं कोविडनं खाल्ली, 2022 पासून ती पुन्हा भरते आहे. अरबी समुद्रात 1.9 किलोमीटर पोहणं, मग 90 किलोमीटर सायकल, मग 21.1 किलोमीटर धावणं. आणि हे सगळं साडेआठ तासांच्या आत.

पूर्वपक्ष आधी पुऱ्या ताकदीनं मांडायला हवा. नाव नोंदवून बिब घ्यायला एक खेप, ब्रीफिंगला दुसरी, शनिवारी सायकल रॅकवर लावायला तिसरी. म्हणजे खेटे खूप. रविवारी उजाडायच्या आत ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे सायकली लावलेल्या जागी, हजर राहायचं, तेव्हा प्रवास जितका कमी तितकी झोप जास्त. घरच्यांना वाटेल तेव्हा खाली उतरून रेस पाहता येते, कंटाळा आला की वर जाता येतं. आणि संपल्यावर पाय इतके गेलेले असतात की दोनशे मीटरसुद्धा कोसासारखे वाटतात. यातला एकही मुद्दा पोकळ नाही.

पण हे सगळे मुद्दे एक गोष्ट गृहीत धरतात, की रेस म्हणजे नकाशावरचा एक बिंदू. काही ठिकाणी ते खरंच असतं. हवाईत कैलुआ-कोनाच्या धक्क्यापाशीच पोहणं सुरू होतं, तिथेच सायकल ठेवलेली असते, आणि शेवटची रेघही तिथून हाकेच्या अंतरावर. उलट नॉर्वेची नॉर्समन पाहा. तिथे पहाटे फेरीबोटीवरून हार्डांगर फियोर्डमध्ये उडी मारायची आणि दिवसअखेर गाउस्टाटोपेन शिखरावर पोहोचायचं. वाटेत प्रत्येक स्पर्धकाची स्वतःची माणसं गाडी घेऊन मागे असावी लागतात, तसा नियमच आहे. तिथे स्टार्टजवळ खोली घेतलेल्या कुटुंबाला रात्री त्या खोलीचा उपयोग काय? नैयायिक अशा नियमाला अव्याप्तीचा दोष लावतील. जिथे लागू पडायला हवा, तिथेच तो पोहोचत नाही.

मिरामार या दोन टोकांच्या मधलं आहे, म्हणून तिथे चूक पटकन दिसत नाही. स्टार्ट आणि फिनिश एकाच किनाऱ्यावर, तेव्हा कोनाचा नियम चालेल असं वाटतं. पण सायकल आणि धावणं शहराच्या रस्त्यांवर फेऱ्या घेतं, मिरामार–दोनापावलाचा रस्ता सकाळभर वाहनांना बंद राहतो, आणि किनाऱ्यालगतची हॉटेलं नेमकी त्या बंद रस्त्याच्या आत सापडतात. आपली गाडी हॉटेलच्या आवारात उभी, आणि दुपारपर्यंत ती हलवायची सोय नाही. रेस पाहायला आलेल्या धडधाकट माणसाला याचं काही वाटणार नाही. मुलीला सकाळी आठ वाजता ताप भरला, किंवा सासूबाईंची बीपीची गोळी संपलेली निघाली, की मग कळतं की आपण रेसच्या जवळ राहत नसून रेसच्या कुंपणात राहतो आहोत.

म्हणून किलोमीटर मोजण्याआधी रस्ता कोणत्या बाजूला उघडतो ते पाहावं. आयोजक मार्गाचा नकाशा आधी देतात. तो समोर ठेवून घर असं शोधायचं की मागच्या गल्लीतून, मार्ग न ओलांडता, मोकळ्या रस्त्याला लागता येईल आणि पुढच्या बाजूनं चालत किनाऱ्यावर जाता येईल. ताळगावच्या आतल्या भागात अशी घरं मिळतात. मांडवीपलीकडे पर्वरीही वाईट नाही, फक्त पुलावरून ये-जा कधी सुरू असेल ते विचारून घ्यावं.

आता पहाटेच्या झोपेचा मुद्दा, कारण विरोधकांचा सगळा जोर त्याच्यावर आहे. पावणेचारला पणजीचे रस्ते रिकामे असतात. पाच किलोमीटरला दहा मिनिटं लागतात. म्हणजे जवळच्या खोलीनं वाचवली ती दहा-पंधरा मिनिटांची झोप, तीही ज्या रात्री कुणालाच धड झोप लागत नाही त्या रात्रीची. हां, वाहन मात्र आदल्या संध्याकाळी पक्कं करून ठेवायला हवं. गोव्यात ओला-उबर चालत नाहीत. गोवामाइल्स ॲपवरून गाडी सांगा, नाहीतर एखाद्या टॅक्सीवाल्याला भाडं ठरवून नंबर घेऊन ठेवा, नाहीतर भाड्याची गाडी आपणच चालवा. हे न करता पहाटे रस्त्यावर उभं राहून हात दाखवणारा मात्र पूर्वपक्षाचाच विजय करून देतो.

उलट त्या दहा मिनिटांसाठी काय सोसावं लागतं ते त्या खोलीत जाऊन पाहा. एक खोली, एक डबल बेड, एक जादा गादी. तीन वाजता गजर. न्हाणीघराचा दिवा लावला की उजेडाची पट्टी थेट मुलीच्या तोंडावर. प्लास्टिकच्या पिशव्यांची कुरकुर, बॅगेची चेन, बाटलीत पावडर हलवल्याचा खळखळाट. तेवढ्यात तो कुजबुजत विचारतो, “चिप कुठेय गं?” ती डोळे न उघडता सांगते, “कालच पायाला बांधलीस.” सव्वातीनला घर जागं, पावणेचारला स्पर्धक बाहेर, आणि पुढे सूर्य उगवेपर्यंत एक चिडलेलं मूल आणि दोन जाग्या बायका. त्यातून हॉटेलचा नाश्ता सात-साडेसातला. काही हॉटेलं रेसच्या दिवशी स्पर्धकांसाठी लवकर मांडतात, पण दहीभात मिळेलच याची खात्री कोण देणार? लांब अंतराच्या दिवशी पोटात ओळखीचंच अन्न हवं. ज्याला वर्षभर पहाटे मऊ भात आणि उकडलेला बटाटा मानवला, त्यानं त्या दिवशी क्रोसाँची परीक्षा घेऊ नये. त्याच पैशात दोन खोल्यांचं, दार लावता येणारं, गॅस आणि कुकर असलेलं घर दोन-तीन किलोमीटरवर मिळत असेल, तर खरी झोप तिथे वाचते, आणि ती चौघांचीही.

इथे समजूतदार माणसं मध्यममार्ग सुचवतात. कुटुंबाला ऐसपैस घर घ्या, फक्त शनिवारची रात्र स्पर्धकानं एकट्यानं जवळच्या हॉटेलात काढावी. हा तोडगा वरवर बिनतोड दिसतो, आणि मला तो सगळ्यांत कच्चा वाटतो. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 साली दाखवून दिलं की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धगोल दुसऱ्याइतका गाढ झोपत नाही. खुट्ट झालं तरी तोच आधी दाद देतो. म्हणजे एक-दोन रात्री अंगवळणी पडलेली गादी सोडून नेमक्या रेसच्या आदल्या रात्री नव्या गादीवर जायचं, हा आपण होऊन ओढवून घेतलेला अपशकुन झाला. गुरुवारी किंवा शुक्रवारी ज्या घरात पाऊल टाकलं, रविवारी पहाटे त्याच घरातून निघावं.

खेट्यांचा मुद्दा तर हिशेबातच टिकत नाही. नोंदणी, ब्रीफिंग, सायकल लावणं ही कामं दिवसाढवळ्या, रस्ते उघडे असताना होतात, आणि त्यांत घरच्यांचं काहीच काम नसतं. शनिवारी तो सायकल घेऊन मिरामारला गेला की बाकीच्यांना फोंड्याच्या वाटेनं मंगेशीला किंवा कवळ्याला जाऊन येता येतं. कितीतरी मराठी घरांची कुलदैवतं तिकडेच आहेत, आणि सासूबाई गोव्याला यायला तयार झाल्या त्या काही जावयाला पोहताना पाहायला नव्हे. शुक्रवार दुपार ते सोमवार सकाळ या सत्तरेक तासांत स्पर्धकाला जवळीक हवी असते ती फार तर तासाभराची. बाकी सगळे तास घरच्यांचे आहेत, आणि खोली त्या तासांसाठी घ्यायची असते.

राहिला पाहण्याचा मुद्दा. रेस पाहणं म्हणजे नेमकं काय पाहणं, हे सल्ला देणारे सांगत नाहीत. पोहताना दिसतात त्या शेकडो सारख्या टोप्या. सायकलवर तो समोरून जातो ते पाच सेकंद, पुढची फेरी येईपर्यंत नुसता रस्ता. बघण्यासारखं असतं ते पाण्यातून वर येणं, आणि मग धावण्याच्या फेऱ्या, जिथे तोंडावरचे भाव वाचता येतात आणि हाक मारली तर ऐकू जाते. या दोहोंच्या मधले तीन-साडेतीन तास मुलीची अंघोळ, नाश्ता आणि डुलकी यांचे आहेत. त्यासाठी चालत जाण्याजोगं घर उत्तम, हे मीही मान्य करतो. ज्याला असं घर रास्त भाड्यात, मागचा रस्ता उघडा ठेवून, किनाऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरवर मिळालं, त्यानं माझं काही ऐकू नये. ज्याची पहिलीच रेस आहे आणि काळजीनं ज्याचा जीव टांगणीला लागतो, तो एकटा जात असेल तर त्यानेही आयोजकांचं हॉटेलच घ्यावं.

एका बाबतीत मात्र जवळचं आणि लांबचं हॉटेल सारखंच फसवतं. हॉटेलची खोली रविवारी अकरा-बारा वाजता सोडायची असते. साडेसहाच्या आसपास पाण्यात उतरलेला मधल्या गतीचा माणूस सात तास धरले तर दीड वाजता येतो. साडेआठ तास घेणारा तीनच्या सुमारास. म्हणजे तो दोनापावलाच्या वाटेवर उन्हात धावत असताना घरचे रिसेप्शनवर सामानाच्या ढिगापाशी बसलेले, आणि सायकलची पेटी कुठे ठेवायची यावरून वाद चाललेला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवाळीच्या सुटीची गर्दी पुढे-मागे असतेच, आयत्या वेळी खोली वाढवून मिळत नाही. तेव्हा बुकिंग करताना रविवारची रात्र आधीच धरावी, आणि घरमालकाला फोनवर दोनच गोष्टी विचाराव्यात: घर तळमजल्यावर आहे का, नसेल तर लिफ्टमध्ये सायकल उभी मावते का.